इंजिन साफ करणारी रसायने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोलच्या टाकीत ओतायची बाटली, ऑइल बदलण्यापूर्वी घालायचा फ्लश, इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलवर मारायचा स्प्रे आणि सर्व्हिस सेंटरच्या बिलात ‘डीकार्ब’ (साठलेला कार्बन काढणे) या नावाने येणारे काम, या सगळ्यांना आपल्याकडे सरसकट ‘इंजिन क्लीनर’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यांची कामे वेगळी आहेत आणि धोकेही वेगळे आहेत. पुढील उत्तरे महाराष्ट्रातील रस्त्यांवर चालणाऱ्या पेट्रोल, डिझेल व सीएनजी गाड्या आणि दुचाकी डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. कोणतेही रसायन विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी कळायला हव्यात, असा या उत्तरांमागचा आग्रह आहे: घाण नेमकी कुठे बसली आहे, आणि बाटलीतील द्रव तिथपर्यंत पोहोचतो का.

इंजिनमध्ये ‘कार्बन साठतो’ म्हणजे नेमके काय होते?

इंजिनमधील साठा एकाच प्रकारचा नसतो. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या टोकाशी वार्निशसारखा पातळ, चिवट थर बसतो. गाडी बंद केल्यावर त्या टोकाशी किंचित पेट्रोल उरते, इंजिनच्या धगीने त्यातला हलका भाग उडून जातो आणि जड भाग तापलेल्या कढईत राहिलेल्या तेलासारखा चिकटून बसतो. म्हणूनच घरापासून स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर जाऊन उभी राहणारी गाडी रोज लांबचा प्रवास करणाऱ्या गाडीपेक्षा लवकर मळते, मग तिचे किलोमीटर कमी का असेनात.

इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर बसणारा थर वेगळा असतो. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या भागातून) परत ओढली जाणारी ऑइलची वाफ आणि ईजीआरमधून, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या वाटेने, येणारी काजळी यांच्यातून तो तयार होतो. पिस्टनच्या माथ्यावर आणि ज्वलनकक्षात कडक कार्बन असतो. याशिवाय ऑइलच्या बाजूला, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरखाली आणि तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरमध्ये, वेळेवर ऑइल न बदललेल्या इंजिनांत काळा चिखल साचतो. पेट्रोलमधून जाणारे रसायन या चिखलापर्यंत पोहोचत नाही आणि ऑइलमधून जाणारे रसायन इंजेक्टरपर्यंत पोहोचत नाही, ही साधी गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मा खर्च वाचतो.

टाकीत ओतायच्या बाटलीत असते काय?

बाटलीचा मोठा भाग केरोसीनच्या जातीच्या विद्रावकाचा असतो. खरे काम करणारा घटक म्हणजे डिटर्जंट. त्याच्या रेणूचे एक टोक घाणीला धरते आणि दुसरे पेट्रोलमध्ये विरघळते, त्यामुळे थर सुटून पेट्रोलबरोबर जळून जातो. पेट्रोल गाड्यांसाठी यातली दोन नावे महत्त्वाची आहेत: पॉलीआयसोब्युटिलीन अमाइन आणि पॉलीइथर अमाइन. पहिले रसायन इंजेक्टर व व्हॉल्व्ह चांगले साफ करते, पण जास्त मात्रेत वापरल्यास ज्वलनकक्षात स्वतःचाच काही अवशेष सोडू शकते. दुसरे अधिक उष्णता सोसते, त्यामुळे ते ज्वलनकक्षातही उपयोगी पडते आणि सहसा महागही असते.

बाटलीवर घटक लिहिलेले नसतील, तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मालाचे सुरक्षा माहितीपत्रक शोधावे. त्यात पॉलीइथर अमाइनचे नाव असेल, तर निदान आपण डिटर्जंटसाठी पैसे देत आहोत हे कळते. नुसतेच ‘पेट्रोलियम डिस्टिलेट’ लिहिलेले असेल, तर ते मुख्यतः विद्रावक आहे असे समजावे. ‘मायलेज ३० टक्के वाढवा’ असे मोठ्या अक्षरांत छापून घटकांबद्दल चकार शब्द न काढणारी बाटली मी तरी दुकानातच ठेवीन.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये डिटर्जंट आधीच नसते का?

अमेरिकेत १९९५ पासून पेट्रोलमध्ये किमान प्रमाणात डिटर्जंट घालणे सक्तीचे आहे. ते प्रमाण अपुरे वाटल्यामुळे बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी २००४ मध्ये ‘टॉप टियर’ हा अधिक कडक निकष पुढे आणला. तेथील ‘एएए’ या वाहनचालकांच्या संस्थेने २०१६ मध्ये केलेल्या चाचणीत, ४,००० मैलांइतके इंजिन चालवल्यानंतर, हा निकष न पाळणाऱ्या पेट्रोलने सरासरी १९ पट अधिक साठा सोडला. डिटर्जंट हा प्रकार खरोखर काम करतो, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. मात्र ते काम थोड्या मात्रेत आणि सतत चालणारे आहे, वर्षातून एकदा ओतलेल्या बाटलीचे नव्हे.

आपल्याकडे एक्सपी९५, स्पीड, पॉवर अशा नावांनी मिळणाऱ्या महागड्या पेट्रोलमध्ये सफाईची रसायने घातलेली असल्याचे कंपन्या सांगतात. त्यांतील काहींचा ऑक्टेन क्रमांकही जास्त असतो. हे दोन वेगळे गुण आहेत. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल अवेळी पेट न घेण्याची क्षमता, तिचा सफाईशी संबंध नाही. साध्या इंजिनात निव्वळ जास्त ऑक्टेनने काही पदरात पडत नाही. पण अधूनमधून असे डिटर्जंटयुक्त पेट्रोल भरणाऱ्याला वेगळी बाटली घ्यायची गरज सहसा पडत नाही.

ई२० पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेज कमी झाले. बाटली घातल्याने ते परत येईल का?

कारण ई२० हेच असेल, तर येणार नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा ते सात टक्के आणि ई१० पेक्षा तीन-साडेतीन टक्के ऊर्जा कमी असते. हा फरक इंधनातच आहे, घाणीमुळे आलेला नाही. कोणतेही क्लीनर तो भरून काढू शकत नाही.

जुन्या गाड्यांत मात्र इथेनॉलचा एक वेगळा परिणाम दिसतो. इथेनॉल स्वतः विद्रावक असल्याने टाकीत आणि नळ्यांत वर्षानुवर्षे बसलेला गोंदासारखा थर ते सोडवते, आणि ती घाण पुढे फिल्टरमध्ये किंवा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकते. अशा गाडीला चढावर झटके बसू लागले, की अनेकजण आणखी एक क्लीनर ओततात. त्याने अजून घाण सुटते आणि गाडी अधिकच अडते. तिथे आधी फिल्टर बदलायला हवा.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात तिसरी अडचण येते. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि मर्यादेपलीकडे पाणी मिसळले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर बनतो. पंप तळाचेच ओढतो, त्यामुळे गाडी एकाएकी बंद पडते. अशा वेळी ‘स्टॅबिलायझर’ नावाची बाटली तो थर पुन्हा पेट्रोलमध्ये मिसळून देत नाही. टाकी रिकामी करून कोरडी करणे हाच उपाय आहे.

माझी गाडी बहुतेक सीएनजीवर चालते. तिला इंजेक्टर क्लीनर लागते का?

हा प्रश्न मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातून सर्वांत जास्त येतो आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण टाकीतल्या क्लीनरचा सर्वांत चांगला आणि सर्वांत वाया जाणारा असा दोन्ही प्रकारचा उपयोग याच गाड्यांत होतो.

सीएनजीसाठी वेगळी रेल (सर्व इंजेक्टरना इंधन पुरवणारी सामाईक नळी) आणि वेगळे इंजेक्टर असतात. गाडी गॅसवर चालू असताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात, पण गरम इंजिनाशेजारी बसून तापत राहतात. त्यांच्यातून ताजे पेट्रोल वाहत नसल्याने टोकावरचा थर धुऊन निघत नाही. त्यातच अनेकजण टाकीत जेमतेम पाव टाकी पेट्रोल ठेवतात आणि तेच महिनोन्‌महिने तसेच राहते. पेट्रोलमधला हलका भाग कमी होत जातो आणि उरलेल्यात गोंद तयार होऊ लागतो. बहुतेक गाड्या सकाळी पेट्रोलवर सुरू होऊन तापल्यावर गॅसवर जातात. म्हणून पहिल्या दोन मिनिटांतला थरथराट, गॅसवर गेल्यावर एकदम सुरळीत चालणे, आणि गॅस संपून पेट्रोलवर आल्यावर पिकअप पडणे, ही पेट्रोल इंजेक्टर मळल्याची ठळक खूण आहे.

अशा गाडीत पॉलीइथर अमाइन असलेले क्लीनर उपयोगी पडू शकते, पण गाडी पेट्रोलवर चालवली तरच. बाटली ओतून गाडी गॅसवरच फिरवली, तर ते रसायन टाकीत नुसते पडून राहते. जुने पेट्रोल संपत आले असताना दहा-पंधरा लिटर ताजे पेट्रोल भरावे, त्याच प्रमाणात क्लीनर घालावे, डॅशबोर्डवरचे बटण पेट्रोलवर ठेवावे आणि मुंबईहून नाशिक किंवा पुण्याहून सातारा असा एखादा सलग प्रवास त्यावर करावा. त्यानंतर आठवड्यातून थोडे अंतर पेट्रोलवर चालवण्याची सवय ठेवली, तर पुन्हा बाटलीची गरज सहसा पडत नाही.

गॅसच्या इंजेक्टरमध्येही घाण होते. भरणा केंद्रातील कॉम्प्रेसरचे सूक्ष्म तेल गॅसबरोबर येते आणि तिथे बसते. पेट्रोलमधले रसायन त्या वाटेला जातच नाही. त्यासाठी सीएनजीचा फिल्टर वेळेवर बदलणे आणि गरज पडल्यास ते इंजेक्टर काढून साफ करणे, एवढेच मार्ग आहेत.

जीडीआय किंवा टीएसआय प्रकारच्या टर्बो पेट्रोल इंजिनात काय वेगळे आहे?

साध्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारले जाते, त्यामुळे पेट्रोलमधला डिटर्जंट व्हॉल्व्ह धुतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते आणि व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचा स्पर्शही होत नाही. फोक्सवॅगन-स्कोडाची टीएसआय, ह्युंदाई-कियाची टर्बो जीडीआय आणि महिंद्राची एमस्टॅलियन टीजीडीआय ही इंजिने या प्रकारची आहेत. त्यांत टाकीत ओतलेले क्लीनर इंजेक्टर व ज्वलनकक्ष साफ ठेवायला मदत करते. व्हॉल्व्हवरचा थर मात्र जसाच्या तसा राहतो.

त्यावर उपाय म्हणून चालू इंजिनाच्या हवेच्या वाटेने मारायचे स्प्रे विकले जातात. थर पातळ असताना त्यांचा थोडा उपयोग होतो. जाड थराचा तुकडा एकदम सुटला, तर मात्र तो व्हॉल्व्हखाली अडकू शकतो किंवा पुढे टर्बोच्या पात्यांवर आदळू शकतो. शिवाय द्रव एकाच वेळी जास्त गेला तर पिस्टनला दाबता न येणारा द्रव सिलिंडरमध्ये अडकून कनेक्टिंग रॉड वाकतो. थर खरोखर जाड झाला असेल, तर इनटेक मॅनिफोल्ड काढून, व्हॉल्व्ह बंद स्थितीत ठेवून, अक्रोडाच्या कवचाची भरड दाबाने मारून सफाई करतात. ही पद्धत खर्चीक आहे आणि तिला कसबी हात लागतो, पण काम डोळ्यांनी दिसते.

बाटली वापरायची योग्य पद्धत कोणती?

टाकी जवळजवळ रिकामी असताना आधी बाटली ओतावी आणि मग पेट्रोल भरावे, म्हणजे ते नीट मिसळते. मात्रा लेबलवर दिल्याप्रमाणेच घ्यावी. ३०० मिलिलिटरची बाटली ६० लिटरसाठी असेल, तर प्रमाण लिटरला ५ मिलिलिटर पडते. त्या हिशेबाने ३५ लिटरच्या टाकीला १७५ आणि दुचाकीच्या १० लिटरच्या टाकीला ५० मिलिलिटर पुरे. ‘घाण जास्त आहे, तर दोन बाटल्या टाकू’ हा विचार टाळावा. जास्तीचा न जळलेला भाग सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतो. याच कारणाने ऑइल बदलण्याची वेळ जवळ आली असताना क्लीनर वापरणे आणि ती टाकी संपल्यावर ऑइल बदलणे हा क्रम चांगला.

उपयोग झाला की नाही, हे कसे ओळखावे?

बाटली घातल्यावर गाडी ‘हलकी’ वाटते, असे जवळजवळ प्रत्येकजण सांगतो. पैसे खर्च केल्यावर तसे वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून मोजमाप करावे. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, आणि पुढच्या वेळी त्याच पद्धतीने भरून भागाकार करावा. ४२० किलोमीटरला २८ लिटर लागले, तर ॲव्हरेज १५ आले. पुढच्या वेळी त्याच अंतराला २७.५ लिटर लागले, तर ते १५.३ दिसेल. पण अर्ध्या लिटरचा हा फरक नोझल जरा आधी बंद झाल्यानेही पडतो. म्हणून आधीच्या निदान तीन टाक्यांची सरासरी नंतरच्या तीन टाक्यांशी ताडून पाहावी, आणि तेही रोजचा रस्ता तोच असताना.

याहून खात्रीची पद्धत म्हणजे इंजेक्टर काढून तपासणे. इंजेक्टर तपासणारे गॅरेज चारही इंजेक्टर एका स्टँडवर बसवते, खाली काचेच्या चार नळ्या असतात आणि यंत्र सर्वांना सारख्याच वेळा उघडते. चांगल्या इंजेक्टरमधून धुक्यासारखा शंकू पडतो. मळलेल्यातून पिचकारीसारखी एक धार निघते किंवा थेंब गळतात, आणि नळीतली पातळी इतरांपेक्षा खाली राहते. तिथेच अल्ट्रासॉनिक टबमध्ये साफ करून पुन्हा मोजले, की आधी आणि नंतरची पातळी शेजारी शेजारी दिसते. मिसिंग करणाऱ्या गाडीत दोन-तीन बाटल्या आशेवर ओतण्यापेक्षा हा खर्च मला अधिक रास्त वाटतो.

चेक इंजिनचा दिवा लागला आहे. आधी क्लीनर टाकून पाहावे का?

नाही. आधी स्कॅनर लावून कोड वाचावा. पी०३०० म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे. तो जुन्या स्पार्क प्लगमुळे, खराब कॉइलमुळे किंवा इंजेक्टरमुळेही येतो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, आणि त्यामागे हवेची गळती किंवा कमकुवत पंपही असू शकतो. दिवा लुकलुकत असेल, तर न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळून निकामी होण्याचा धोका असतो. अशा वेळी गाडी चालवतच राहू नये.

ॲव्हरेज घटण्याची कारणेही बहुतेक वेळा इंजिनाबाहेर असतात. टायरमधली कमी हवा, घासत राहणारा ब्रेक, घसरणारा क्लच, उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट आणि चोंदलेला एअर फिल्टर हे तपासायला फार खर्च येत नाही.

ऑइल बदलण्यापूर्वी इंजिन फ्लश करणे आवश्यक आहे का?

वेळेवर आणि योग्य दर्जाचे ऑइल बदललेल्या इंजिनाला फ्लशची गरज नाही. आजच्या ऑइलमध्ये डिटर्जंट आणि घाण तरंगत ठेवणारी रसायने आधीच असतात. ऑइल काळे होणे हे ते काम करत असल्याचेच लक्षण आहे.

गरज आहे का, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे ऑइल भरायचे झाकण उघडून टॉर्चने आत पाहणे. धातूवर मधासारखा किंवा तपकिरी पातळ थर दिसला, तर इंजिन ठीक आहे. बोटाने खरवडून निघेल असा काळा, दाणेदार चिखल दिसला, तर आतही तेच साचले आहे. झाकणाखाली सायीसारखा पांढरट लेप असेल, तर तो पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांमुळे जमलेल्या पाण्याच्या वाफेचाही असू शकतो. पण डिपस्टिकवरचे ऑइलही चहासारखे दुधाळ झाले असेल, तर कूलंट ऑइलमध्ये शिरत आहे. तिथे फ्लश घालणे निरर्थक आहे, हेड गॅस्केट तपासावे लागेल.

गंमत अशी, की ज्या इंजिनात खरोखर चिखल आहे तिथेच फ्लश सर्वांत धोक्याचा ठरतो. चिखल विरघळण्याऐवजी ढेकळांनी सुटतो आणि चेंबरच्या तळाशी ऑइल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतो. मग ऑइलचा दाब पडतो, लाल दिवा लागतो, आणि तेवढ्या वेळात बेअरिंग खराब होऊ शकतात. जुन्या ऑइल सीलभोवतीची घाण निघून गेल्याने गळतीही सुरू होते. फार दुर्लक्षित इंजिनात टॅपेट कव्हर आणि चेंबर काढून हाताने सफाई करणे, किंवा चांगले ऑइल घालून दोन-तीन हजार किलोमीटरवर फिल्टरसह बदलणे आणि असे दोनदा करणे, हा मार्ग सावकाश असला तरी सुरक्षित आहे.

तरीही फ्लश करायचाच असेल, तर लेबलवर सांगितलेली मिनिटे, सहसा दहा-पंधरा, इंजिन फक्त आयडलवर चालवावे. गाडी चालवू नये, ॲक्सिलरेटर दाबू नये. ऑइल गरम असतानाच पूर्ण निथळू द्यावे आणि फिल्टर बदलावा. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला असतो, तिथे फ्लश वापरूच नये, कारण विद्रावकाने बेल्टचा रबर फुगतो आणि त्याचे तुकडे त्याच जाळीवर जमतात.

काही मेकॅनिक डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन धुतात. त्यात काय चूक आहे?

डिझेल आणि रॉकेल घाण सोडवतात, हे खरे आहे. पण ते इंजिन ऑइलपेक्षा कितीतरी पातळ असतात आणि बेअरिंगमध्ये टिकाऊ थर धरू शकत नाहीत. शिवाय ड्रेन बोल्ट काढला तरी सगळे बाहेर येत नाही. खाचाखोचांत उरलेले नव्या ऑइलमध्ये मिसळून त्याला पातळ करते.

पेट्रोलमध्ये डांबरगोळ्या टाकण्याचा जुना उपायही अजून ऐकू येतो. नॅप्थालीनने ऑक्टेन थोडा वाढतो, सफाई होत नाही, आणि न विरघळलेले कण जेट व इंजेक्टरमध्ये बसतात. शिशाचे पेट्रोल देशभरात २००० च्या फेब्रुवारीत बंद झाले, त्याआधीच्या इंजिनांच्या काळातला हा उपाय आता सोडून द्यावा. ॲसिटोन तर रबराच्या नळ्या, सील आणि सांडले तर रंगही खराब करते.

दुचाकीत हीच रसायने चालतात का?

पेट्रोलमध्ये घालायचे क्लीनर योग्य मात्रेत चालते. ऑइलमध्ये घालायच्या रसायनांबाबत मात्र कडक सावधगिरी हवी. गिअरच्या मोटरसायकलमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिला अशा ओल्या क्लचसाठीचे ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ दर्जाचे ऑइल लागते. कारसाठीची घर्षण कमी करणारी रसायने त्यात घातली, तर क्लच प्लेट घसरू लागतात आणि गाडीचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये क्लच कोरडा असल्याने हा प्रश्न येत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट चोंदला असेल, तर कार्ब्युरेटर उघडून स्प्रे व दाबाच्या हवेने साफ करणेच स्वस्त आणि पक्के.

बीएस६ डिझेल गाडीत काय जपावे?

कॉमन रेल डिझेलमध्ये दाब १,६०० बारच्याही वर जातो आणि नोझलची छिद्रे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी असतात. नावाजलेल्या कंपनीचे डिझेल डिटर्जंट हलक्या साठ्यावर काम करते. सकाळी ठोका देणारे किंवा काळा धूर सोडणारे इंजिन असेल, तर इंजेक्टरची लीक-ऑफ चाचणी (प्रत्येक इंजेक्टरमधून किती डिझेल परत जाते ते मोजणे) करून घ्यावी. झिजलेला इंजेक्टर रसायनाने भरून येत नाही.

डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, दिव्याबद्दल फार गैरसमज आहेत. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जळते. शहरात थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत ती प्रक्रिया अर्धवट राहते, आणि त्यासाठी सोडलेले जादा डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवरची पातळी खुणेच्या वर चढलेली दिसली, तर ऑइल ‘वाढले’ म्हणून समाधान मानू नये, ते ताबडतोब बदलावे. दिवा नुकताच लागला असेल, तर पुस्तिकेत सांगितलेल्या वेगाने महामार्गावर सलग पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवणे हाच पहिला उपाय आहे. काजळी जळायचे तापमान खाली आणणारी रसायने आहेत, पण ऑइलमधून आलेली राख कोणत्याही रसायनाने जळत नाही. ती साचली की फिल्टर काढूनच साफ करावा लागतो.

डीईएफ किंवा ॲडब्लू हे धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे, ३२.५ टक्के युरियाचे पाण्यातील द्रावण आहे. ते इंजिन क्लीनर नाही. चुकून डिझेलच्या टाकीत पडले, तर इग्निशनसुद्धा चालू करू नये. पंप फिरला की ते रेलपर्यंत पोहोचते आणि दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो.

थ्रॉटल बॉडीचा स्प्रे घरी वापरता येतो का?

येतो, आणि आयडल खालीवर होत असेल तर त्याचा परिणाम लगेच दिसतो. द्रव थेट आत न मारता फडक्यावर मारून कडा पुसाव्यात. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने जोर लावून फिरवू नये, आतले गिअर तुटतात. सफाईनंतर काही गाड्यांत स्कॅनरने आयडल पुन्हा शिकवावे लागते. हवेचे प्रमाण मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवर कार्ब्युरेटरचा स्प्रे कधीही मारू नये. त्याच्यासाठी वेगळा, अवशेष न सोडणारा स्प्रे मिळतो.

सर्व्हिस सेंटर ‘डीकार्ब’ किंवा हायड्रोजन सफाई सुचवते. करावी का?

कोणत्या तक्रारीसाठी, हा प्रश्न आधी विचारावा. हायड्रोजनच्या यंत्रातला वायू हवेबरोबर ज्वलनकक्षात जातो. इंजेक्टरच्या आत किंवा ऑइलच्या वाटांत तो शिरत नाही, मग तिथली सफाई झाली असे सांगता येत नाही. पिस्टनचा माथा आधी आणि नंतर कॅमेऱ्याने दाखवायला सांगावे. कॅमेरा प्लगच्या छिद्रातून जातो, त्याला इंजिन उघडावे लागत नाही. दाखवायची तयारी नसेल, तर नकार द्यावा.

वाहन वॉरंटीत असेल, तर मालकाची पुस्तिका पाहावी. काही उत्पादक इंधनातील किंवा ऑइलमधील बाहेरची रसायने स्पष्टपणे नाकारतात. मँगनीज किंवा लोह असलेल्या मिश्रणांबाबत तर विशेष काळजी घ्यावी, कारण त्यांचा अवशेष स्पार्क प्लगवर बसतो. लोहयुक्त मिश्रणाने तर प्लग लालसर दिसतो. ऑक्सिजन सेन्सर व कॅटलिटिक कन्व्हर्टरलाही या अवशेषाची बाधा होते. पुस्तिकेत नसलेले काम जॉब कार्डवर आधीच छापलेले असेल, तर सही करण्यापूर्वी ते खोडून घ्यावे. न सांगता पैसे लावल्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर करता येते.

सायलेन्सरमधून निळा धूर येतो. रसायनाने बंद होईल का?

पिस्टनवरच्या ऑइल रिंग कार्बनने जाम झाल्या असतील, तर कधीकधी होतो. प्लगच्या छिद्रातून द्रव घालून रात्रभर मुरू देण्याची पद्धत गॅरेजमध्ये वापरतात. दुसऱ्या दिवशी प्लग काढलेलेच ठेवून इंजिन सेल्फने फिरवून द्रव बाहेर काढणे आणि लगेच ऑइल बदलणे अनिवार्य आहे. सिलिंडर झिजला असेल किंवा व्हॉल्व्ह सील गेले असतील, तर काहीही ओतून उपयोग नाही. म्हणून द्रव घालण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्यावे.

उरलेले रसायन आणि धुऊन निघालेले ऑइल कुठे ठेवावे, कुठे टाकावे?

रसायन मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ते कधीही ओतू नये. कोणी चुकून प्यायले, तर उलटी करवू नये, कारण हे विद्रावक उलटीतून फुफ्फुसात शिरून गंभीर इजा करतात. बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि काम उघड्या जागेत, पेटत्या वस्तूपासून दूर करावे.

वापरलेले ऑइल घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली येते. ते गटारात किंवा मातीत ओतू नये. बंद डब्यात भरून, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राला ऑइल देणाऱ्या गॅरेजकडे द्यावे, आणि त्यात उरलेले क्लीनर, ब्रेक ऑइल किंवा कूलंट मिसळू नये. अशी भेसळ झालेले ऑइल पुनर्प्रक्रियेला घेतले जात नाही.